निगुऱ्याचे ऋण

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर जे कुटुंब भाड्याने राहते, त्यात एक विशीतला मुलगा आहे. तो येथल्याच एका तंत्रविद्यालयात शिकतो आणि उरलेला सगळा वेळ विजेवर चालणारी गिटार वाजवितो. प्रथम प्रथम हा नाद मला सोसवत नसे. मी वह्या तपासावयास बसावे आणि नेमका त्याच वेळी डोक्यावर गडगडाट सुरू व्हावा, असा नित्याचा प्रकार होता. परंतु माणसाच्या कानास सवयीने पुष्कळ गोष्टी सोसतात, आणि काही आवडूही लागतात. दोन-तीन वर्षांत त्या गडगडाटातून मला हळूहळू वाक्ये ऐकू येऊ लागली. चुकलेली जागा तो वीस वेळा, तीस वेळा घोटीत असे, आणि एके दिवशी ती साधली म्हणजे खाली बसलेल्या मलाच सुटल्यासारखे वाटे. पुढे कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, मग लग्नसराईतल्या एका ऑर्केस्ट्रात, मग चार मित्रांनी मिळून काढलेल्या बँडमध्ये तो वाजवू लागला. आणि गेल्या हिवाळ्यात पुण्यामुंबईच्या मंडळींबरोबर कार्यक्रम करण्यापर्यंत त्याची मजल गेली.

एके दिवशी जिन्यात गाठ पडली असता मी त्यास सहज विचारले, "कोणापाशी शिकलास रे हे?" तो म्हणाला, "कोणापाशी नाही, काका. माझं मीच शिकलो." उत्तर त्याने नम्रपणेच दिले, पण त्यात अभिमानाची छटा होती, आणि ती असणे साहजिक होते. मात्र त्या क्षणी माझ्या मनात जो शब्द उभा राहिला तो माझ्या आजोबांचा होता. ज्याने गुरू केला नाही अशा मनुष्यास ते ‘निगुरा’ म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी शिवीच्या फार जवळचा असे. ज्या गोष्टीचा या मुलास अभिमान वाटतो, तिचीच माझ्या आजोबांना लाज वाटली असती. मध्ये दोनच पिढ्यांचे अंतर आहे. दोघांपैकी खरे कोणाचे, हा विचार त्या दिवसापासून माझी पाठ सोडीत नाही.

आपले आपण शिकलेल्या मनुष्यावर कोणाचे ऋण असते काय. असल्यास ते कोणाचे. आणि ते फेडावे कसे, असा हा प्रश्न आहे. तो मला तटस्थपणे पाहता येत नाही हे आरंभीच कबूल करणे बरे. अठ्ठावीस वर्षे मी शिकविण्याचे वेतन घेत आलो आहे. शिक्षकावाचून मनुष्य उत्तम शिकतो असे सिद्ध झाले तर मला माझ्या आयुष्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल; आणि शिक्षकावाचून काहीच येत नाही असे सिद्ध झाले तर माझी एक जुनी चूक निर्दोष ठरेल. ती चूक मी पुढे सांगणार आहे. तूर्त एवढेच ध्यानात असावे की, या विषयात माझा स्वार्थ दोन्ही बाजूंनी गुंतलेला आहे.

या वादातील दोन्ही पक्ष जुने आहेत. गुरुपक्षाचे म्हणणे असे की, विद्या ही माहितीची पोतडी नाही. ती एका जिवंत माणसाकडून दुसऱ्या जिवंत माणसाकडे जाते. हाताला वळण, कानाला धार आणि मनाला विनय या तीन गोष्टी ग्रंथातून मिळत नाहीत. आपला दोष आपणास दिसत नाही, तो दाखवावयास कोणी तरी वडीलधारे समोर असावे लागते. उलट पक्षाचे म्हणणे असे की, गुरूच्या दारात जितके घडले तितकेच कुजलेही. उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरून, हुक्का भरून एखादी चीज पदरात पडावी. खरी मर्मे मुलाजावयांसाठी राखून ठेवली जावीत. आणि जात किंवा कुळ पाहून कित्येकांना उंबऱ्यावरूनच परत लावावे, हेही त्याच परंपरेत घडले आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच नुसत्या युक्तिवादाने येथे निकाल लागत नाही. एखादे खरेखुरे उदाहरण घेऊन ते बारकाईने पाहावे हे उत्तम. आणि सुदैवाने आम्हां कोल्हापूरकरांना ते गावाबाहेर शोधावे लागत नाही.

गोविंदराव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा. बालपण कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे गेले. पुढे हार्मोनियमवादक, संगीतरचनाकार, नट, नाटककार आणि लेखक अशा अनेक नात्यांनी त्यांनी महाराष्ट्रात नाव मिळविले. परंतु ज्या पेटीमुळे ते प्रथम ओळखले गेले, ती पेटी ते बव्हंशी आपले आपणच शिकले होते. याचे एक कारण अगदी साधे आहे, आणि ते सहसा कोणी लक्षात घेत नाही. वीणेला, सारंगीला, पखवाजाला पिढ्यान्‌पिढ्यांचे वारस होते. हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. हाताने भाता मारीत, मांडी घालून वाजविता येईल असे रूप त्यास या देशात मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते घराघरांत व नाटकगृहांत शिरले. ज्या वाद्यास घराणेच नाही, त्याचा गुरू आणावा कोठून? त्या काळी पेटीवर रागसंगीत वाजवू पाहणाऱ्यास निगुरा होण्यावाचून फारसे गत्यंतर नव्हते. आमच्या वरच्या मजल्यावरील गिटारीची कोल्हापुरातील स्थिती आज बरीचशी तशीच आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही की, निगुरेपण हा पुष्कळदा उद्धटपणा नसतो. ज्या वाटेने जावयाचे तीवर अजून पाऊलखुणाच नसतात.

पण वाट नवी असली तरी मुलूख ओसाड नव्हता. करवीरात १८८३ सालापासून गायन समाज चालू होता. तोच देवल क्लब या नावाने प्रसिद्ध आहे. संगीताची पहिली ओळख आपणास या क्लबात झाली, हे श्रेय टेंबे यांनी त्यास दिलेले आहे. १८९५ साली शाहू महाराजांच्या आश्रयास अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारी आले. त्या वेळी टेंबे चौदा वर्षांचे होते. पुढे १९२२ मध्ये महाराज निवर्तले तोपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, त्या काळातील एक अत्यंत अवघड आणि सखोल गायकी या लहानशा गावात नांदत होती. टेंबे यांनी खाँसाहेबांपाशी रीतसर तालीम घेतली नाही. परंतु त्यांच्या वादनाचा आदर्श खाँसाहेबांची गायकी हाच होता. खाँसाहेबांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मागे राहिलेली नाही. ते गाणे ज्यास हवे त्याने समोर बसूनच ऐकले पाहिजे, असा तो काळ होता. टेंबे यांस ते तसे ऐकावयास मिळाले.

दुसरी शाळा त्यांस मिळाली ती साथीची. भास्करबुवा बखले यांच्या गाण्यास ते पेटीची साथ करीत, आणि बैठक कशी रंगवावी, मैफल कशी हाती ठेवावी हे त्यांनी बुवांच्या सहवासात उचलले. येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते, कारण या सगळ्या प्रश्नाची किल्ली ‘साथ’ या शब्दात आहे. भास्करबुवांनी स्वतः फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन निरनिराळ्या परंपरांच्या गुरूंची तालीम घेतली होती. त्यांच्या शेजारी पेटी घेऊन बसणारा मनुष्य कोणाचा शिष्य नसेल. पण त्याचे काम पाहा. गायक एखादी तान घेतो तेव्हा साथीदार क्षणार्धाने त्याच्या मागून जातो. फार मागे राहिला तर गाणे तुटते. पुढे गेला तर अपराध होतो. म्हणजे गायक आता कोठे वळणार हे त्याने आधी ताडले पाहिजे, आणि ताडले तरी ते दाखविता कामा नये. दुसऱ्याच्या मनात इतक्या जवळून वावरण्याची संधी कित्येक शागिर्दांना बारा वर्षांच्या तालमीतही मिळत नसेल. गंडा न बांधता मिळालेली ही तालीमच होय. फरक इतकाच की, येथे शिकविणाऱ्यास आपण शिकवीत आहो याची गरज नसते.

हीच गोष्ट मला सर्वस्वी निराळ्या देशकालात आढळली. वरच्या मजल्यावरील मुलाच्या खोलीत जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन वादकाचे मोठे चित्र लावलेले आहे. त्याचे चरित्र मी कुतूहलाने पाहिले. १९४२ साली सिॲटल येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा डावखुरा होता. उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेली गिटार उलटी धरून व तारा बदलून तो वाजवी, आणि स्वरलिपी त्यास वाचता येत नसे. स्वयंशिक्षित म्हणून त्याचे नाव जगभर घेतले जाते. परंतु १९६६ साली लंडनला जाऊन तो स्वतंत्रपणे प्रसिद्धीस येण्यापूर्वी कित्येक वर्षे लिटल रिचर्ड, आयझ्ली बंधू अशा गायकांच्या मागे उभा राहून साथ करीत गावोगाव हिंडत होता, ही गोष्ट चित्र लावणारे विसरतात. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, १९७० मध्ये तो वारला. त्याची कीर्ती चार वर्षांची. तिच्या पायात साथीची वर्षे गाडलेली आहेत.

टेंबे यांच्या पुढील चढत्या कमानीचा वृत्तांत बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, त्यातील चाली टेंबे यांच्या. उत्तरेकडील ठुमरी, कजरी, दादरा यांचे मोहक वळण त्यांनी मराठी पदांत आणले. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे ते एक भागीदार होते. १९१५ मध्ये त्यांनी आपली शिवराज नाटक मंडळी काढली. आणि १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट केला, तेव्हा त्यास संगीत देऊन हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. गुरू नसलेल्या पेटीवाल्याने गाठलेली ही उंची कोणासही थोडी वाटणार नाही.

आता ‘माझे मीच शिकलो’ या वाक्यातील ‘मीच’ या शब्दाकडे वळू. त्या शब्दात खरे किती? टेंबे यांच्या उदाहरणावरून दिसते ते असे की, कान त्यांस गावाने दिले, आदर्श खाँसाहेबांनी दिला, बैठकीची रीत बुवांनी दिली. इतकेच काय, वाद्यानेही शिकविले. पेटीचे स्वर ठरलेल्या जागी खिळलेले. त्यांवर मींड निघत नाही. याच दोषावर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीस बंदी केली, ती पुढे सुमारे तीन दशके राहिली. जे वाद्य मींड देत नाही त्यावर मींडेचा भास निर्माण करावयाचा तर बोटांचा दाब, भात्याचा श्वास आणि कणस्वरांची योजना यांचा किती सूक्ष्म विचार करावा लागत असेल! वाद्याचा नकारही एक प्रकारचा गुरूच असतो. मग ‘मी’कडे काय उरले? पुष्कळ उरले. शेकडो लोकांनी तेच ऐकले. हजारो घरांत तीच पेटी होती. ऐकलेल्यातून काय घ्यावे व काय टाकावे हे ठरविणे, आणि आपल्या कामाचा परीक्षक आपणच होणे, ही दोन्ही कामे ज्याची त्यानेच करावी लागतात. गुरू असलेल्या शिष्यासही ती अखेर चुकत नाहीत. स्वयंशिक्षिताचा अभिमान या मर्यादेत अगदी रास्त आहे.

या स्वावलंबनाची किंमतही मोजावी लागते, ती लपविण्यात अर्थ नाही. वरच्या मजल्यावरील मुलाचे मनगट दोन वर्षे दुखत असे. दुखण्याचे कारण त्यास कळेना. अधिक वाजविले म्हणजे दुखायचेच, अशी त्याने समजूत करून घेतली होती. गोव्याकडचा कोणी वयस्क वादक एका कार्यक्रमात भेटला. त्याने पाच मिनिटे पाहून सांगितले की, गिटारीचा पट्टा फार लांब सोडल्यामुळे मनगट वाकडे पडते. पट्टा वीतभर वर घेतला आणि दुखणे महिन्याभरात गेले. पाच मिनिटांचे काम. पण ते करण्यास दुसरे डोळे लागतात. गुरुपक्षाच्या म्हणण्यातील सत्य ते हेच. जे दोष ऐकू येतात ते स्वयंशिक्षित मनुष्य सुधारतो. जे दोष त्याच्या अंगवळणी पडले ते त्याचे अंगच होऊन बसतात.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सर्व मान्य. परंतु यावरून ऋण कसे सिद्ध होते? ऋण म्हणजे देणाराने समजून दिले पाहिजे आणि घेणाराने समजून घेतले पाहिजे. खाँसाहेब दरबारासाठी गात होते. श्रोत्यांत बसलेल्या एका तरुणाने त्यातून काही उचलले, तर तो चोर नव्हे तसाच ऋणकोही नव्हे. सूर्याच्या उजेडात आपण वाचतो म्हणून सूर्याचे देणे लागतो काय? आक्षेप बिनतोड दिसतो. पण सूर्य आणि गायक यांत एक भेद आहे. सूर्यास उजेड देण्याचे कष्ट पडत नाहीत. अल्लादियाखाँचा आवाज तरुण वयात अतिगायनाने बसला होता; त्या संकटातून त्यांनी आपली गायकी नव्याने घडविली. श्रोत्यास जे फुकट मिळाले त्याचे मोल दुसऱ्या कोणी तरी आधीच चुकविलेले होते. आज तरुण मुले घरबसल्या यूट्यूबवर धडे पाहतात. ते धडेही दूरदेशीच्या कोणा वादकाने आपल्या आयुष्याचा तुकडा मोडून तेथे ठेविलेले असतात. मागितले नाही म्हणून देणे बुडत नाही. फार तर वसुली बुडते.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. मनुष्य जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे ते म्हणत: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यांपैकी ऋषिऋणाचा प्रकार फार मननीय आहे. ज्या ऋषींनी विद्या निर्माण केली ते आपल्यापूर्वी शतकानुशतके होऊन गेले; त्यांनी आपणास पाहिले नाही, आपणास शिकविले नाही, आणि आता ते काही मागावयासही येत नाहीत. तरीही ऋण आहेच, आणि ते अध्ययनाने फेडावयाचे. अध्ययनाची धार पुढे चालू ठेवणे हीच परतफेड. सावकाराच्या घरी जाऊन फिटणारे हे कर्ज नव्हे; जो मागून येतो त्याच्या पदरात ते टाकावे लागते. स्वयंशिक्षिताचे ऋण मला याच जातीचे वाटते. गुरू असलेल्या शिष्यापुढे निदान एक नाव असते, एक पाय असतात, एक गुरुपौर्णिमा असते. निगुऱ्याचे धनको इतके आणि असे विखुरलेले की, त्यास सर्वांनाच देणे भाग पडते.

ही भूमिका घेतली म्हणजे एकलव्याच्या कथेकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. निषादपुत्र म्हणून द्रोणांनी त्यास परत लाविले. त्याने मातीची मूर्ती करून अरण्यात अभ्यास केला. आणि तो अर्जुनासही मागे टाकील असे दिसताच द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून त्याचा उजवा अंगठा मागून घेतला. कथेवर दोन प्रकारची प्रवचने होतात. एकात एकलव्याच्या गुरुभक्तीची थोरवी असते, दुसऱ्यात द्रोणांच्या अन्यायाचा धिक्कार. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. एकलव्याने आपणास ऋणी मानले हे त्याचे सत्यदर्शन होते. द्रोणांना मात्र त्या ऋणाची वसुली करण्याचा तिळमात्र अधिकार नव्हता. ज्याने शिकविण्यास नकार दिला त्यानेच दक्षिणा मागावी, आणि तीही अशी की जिच्यामुळे विद्या तेथेच खुंटावी, याहून ऋषिऋणाचा मोठा द्रोह कोणता? अंगठा गेला त्याबरोबर एकलव्यापासून शिकू शकणारे उद्याचे सारे निषादकुमारही गेले.

याच ठिकाणी एका नव्या धोक्याचाही उल्लेख केला पाहिजे. स्वयंशिक्षिताची स्तुती करणे समाजास फार सोयीचे असते. ‘पाहा, ज्यास शिकावयाचे असते तो कसाही शिकतो’, असे म्हटले की, शाळा काढण्याची, वाचनालये चालविण्याची, शिक्षक नेमण्याची जबाबदारी टळते. अरण्यात शिकलेल्या एका एकलव्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना अरण्यातच ठेविता येते. कोल्हापूरकरांना तरी हे सांगावे लागू नये. ज्या राजाने अल्लादियाखाँसारख्यास आश्रय दिला, त्याच राजाने १९०१ पासून विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी करविली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बुद्धिमान मूल आपले आपण शिकेल असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. गावात कान तयार होतात ते अशाने.

मग निगुऱ्याने आपले देणे कसे दिले? टेंबे यांनी ते लेखणीने दिले. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या ग्रंथांत त्यांनी आपण काय ऐकले, कोणापासून काय घेतले हे मोकळेपणाने सांगितले. आणि ज्या अल्लादियाखाँपाशी त्यांनी कधी गंडा बांधला नव्हता, त्यांचे चरित्र त्यांनीच मराठीत लिहिले. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी ते निवर्तले. म्हणजे त्यांच्या अखेरच्या लेखनकार्यांपैकी हे एक होय. ध्वनिमुद्रिका मागे न ठेवणाऱ्या गायकाविषयी आज मराठी वाचकास जे कळते, त्यात या निगुऱ्या शिष्याचा वाटा मोठा आहे. याहून चांगली दक्षिणा कोणत्या गंडाबंद शागिर्दाने दिली?

याच गावचे दुसरे उदाहरण बाबुराव पेंटर यांचे. चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत न शिकलेला हा कारागीर. आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगविता रंगविता तो चलच्चित्रांच्या मागे लागला, यंत्राची मोडतोड करून त्याचे मर्म शोधीत बसला आणि अखेर स्वतः कॅमेरा बनविण्यापर्यंत त्याने मजल मारली. १९१६ साली आनंदराव वारले. तरी उद्योग थांबला नाही. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. परंतु बाबुरावांचे खरे कार्य मला पुढे दिसते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसे काम करता करता तयार झाली, आणि १९२९ साली त्यांनी वेगळी चूल मांडून प्रभात कंपनी काढली. ज्यास स्वतःस शाळा मिळाली नाही, त्याचा कारखाना इतरांची शाळा झाला. चेले वेगळे झाले याचे दुःख त्या गुरूस झालेही असेल. पण अंगठे शाबूत ठेवून ते बाहेर पडले, यात त्याचा गौरव आहे.

आता माझ्या चुकीविषयी. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शाहूवाडीकडच्या डोंगरातला एक विद्यार्थी होता. त्याच्या गावी इंग्रजी शिकविणारा कोणी नव्हता. रेडिओवरील बातम्या आणि रद्दीतून मिळालेली वर्तमानपत्रे यांवर त्याने ती भाषा आपली आपणच मिळविली होती. त्याचा शब्दसंग्रह इतरांहून पुष्कळ मोठा होता. पण कित्येक शब्द त्याने केवळ डोळ्यांनीच शिकले असल्यामुळे उच्चार चमत्कारिक होत. एके दिवशी कवितेवर बोलण्यास तो आपण होऊन उभा राहिला. मुद्दा उत्तम होता. मी मध्येच त्यास थांबवून एका शब्दाचा उच्चार दुरुस्त केला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. वर्ग हसला, आणि खरे सांगावयाचे तर मीही थोडासा हसलो. दुरुस्त्या तिन्ही बरोबर होत्या. तो खाली बसला आणि त्या वर्षात पुन्हा वर्गात बोलला नाही. पुढील वर्षी तो आमच्या कॉलेजात नव्हता.

त्या वेळी मी माझ्या मनाची अशी समजूत घातली की, शिक्षकावाचून शिकल्याचे हे फळ आहे. गुरुपक्षाचा युक्तिवाद माझ्या तोंडी आयताच होता. आज मला स्पष्ट दिसते की, गोव्याच्या त्या वादकाने गिटारीचा पट्टा वर घेतला आणि मी शब्दाचा उच्चार सुधारला, या दोन कृत्ये वरून सारखी दिसली तरी त्यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. त्याने मुलाचे दुखणे पाहिले. मी माझा अधिकार पाहिला. मी जे शिकविले नव्हते त्यावर मी हक्क सांगत होतो, आणि जे त्याने एकट्याने मिळविले होते ते त्याच्या हातून काढून घेत होतो. द्रोणाचार्यांस निदान मोठा धनुर्धर अडवावयाचा होता. मला एका तासाचा डौल राखावयाचा होता.

तो विद्यार्थी आज कोठे आहे मला माहीत नाही. त्याचे देणे त्याच्याच हाती देणे आता माझ्या आवाक्यात राहिलेले नाही. वर सांगितलेल्या ऋषिऋणाचा मार्गच मलाही धरावा लागतो. अलीकडे कोणी अडखळत, चुकत बोलावयास उभा राहिला तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत मी थांबतो, आणि उच्चाराचे जे सांगावयाचे ते तास संपल्यावर एकट्यास सांगतो. हे काही मोठे कार्य नव्हे. परंतु माझ्या धंद्याचा फार मोठा भाग इतक्याशा थांबण्यातच आहे, हे समजण्यास मला एक विद्यार्थी गमवावा लागला.

वरच्या मजल्यावरील मुलास मी टेंबे यांची गोष्ट सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली. नाव त्यास नवे होते. मग थोडा विचार करून तो म्हणाला, "म्हणजे काका, मी स्वतः शिकलो असं म्हणायचं नाही का?" मी म्हणालो, "जरूर म्हण. फक्त त्यानंतर कोणाकोणाचं ऐकून शिकलो, तेही सांगत जा." तो हसला आणि वर गेला. रात्री पुन्हा गडगडाट सुरू झाला. या खेपेस तो एक नवीन जागा घोटीत होता, आणि ती अद्याप त्यास साधली नव्हती.